बांधकाम कामगारांच्या मुलांचे शिक्षण आणि कामगारांचे प्रशिक्षण : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

युनियनच्या टेबलावर, नाक्यावर आणि फोनवर पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उत्तरे महाराष्ट्रातल्या बांधकाम कामगारांसाठी आहेत. कंपनीत, माथाडीत किंवा विडी कारखान्यात काम करणाऱ्यांनी आधी प्रश्न १८ वाचावा. त्यांचे मंडळ वेगळे, रकमाही वेगळ्या.

१. मी युनियनचा सभासद आहे, वर्गणी वेळेवर भरतो. मुलाच्या शिक्षणाचे पैसे आपोआप मिळतात का?

नाही. युनियनची पावती आणि मंडळाचे ओळखपत्र या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शिक्षणाचे पैसे महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळ देते, आणि ते फक्त मंडळाकडे नोंद असलेल्या कामगाराला. युनियन अर्ज भरायला मदत करते, अडलेले प्रकरण लावून धरते, पण तिच्या रजिस्टरात नाव असल्याने मंडळात नाव येत नाही. उलटही खरे : मंडळाच्या नोंदणीसाठी कुठल्याही युनियनचे सभासद असणे सक्तीचे नाही. तसे कोणी सांगितले तर प्रश्न २१ पाहा.

२. हा पैसा येतो कुठून? सरकार उद्या बंद करेल का?

बांधकामाच्या खर्चावर १ टक्का उपकर बसतो. तो बांधकाम करून घेणारा भरतो, कामगाराच्या मजुरीतून कापला जात नाही. ही रचना १९९६ च्या दोन केंद्रीय कायद्यांनी आणली. महाराष्ट्राचे नियम २००७ चे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून कामगार संहिता लागू झाल्या आणि हा विषय सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये गेला. नोंदणीची मुख्य अट, म्हणजे वय १८ ते ६० आणि मागच्या १२ महिन्यांत ९० दिवस काम, तिथेही तीच आहे.

तेव्हा टेबलापलीकडच्या माणसासमोर ओशाळून उभे राहण्याचे कारण नाही. तुम्ही ज्या इमारतीचा स्लॅब टाकला, तिच्यावरच्या उपकरातून तुमच्या मुलीची फी येते.

३. नोंदणीला कोणकोणते कागद लागतात आणि खर्च किती?

वयाचा पुरावा, रहिवासाचा पुरावा, आधार कार्ड, ९० दिवस काम केल्याचा दाखला, बँक पासबुक आणि पासपोर्ट आकाराचे फोटो. नोंदणी फी १ रुपया, वार्षिक वर्गणी १ रुपया. बस्स. अर्ज मंडळाच्या संकेतस्थळावर भरायचा, नंतर मूळ कागद घेऊन तालुक्याच्या कामगार सुविधा केंद्रात तपासणीला जायचे.

आधारला जोडलेला मोबाईल नंबर चालू आहे का, हे घरूनच बघून निघा. ओटीपी त्याच नंबरवर येतो. नंबर जुना असेल, किंवा गावाकडे राहिलेल्या भावाच्या फोनमध्ये असेल, तर काम पहिल्याच पायरीवर अडते आणि दिवसाची मजुरी जाते.

४. मी नाक्यावर उभा राहतो. रोज मालक वेगळा. ९० दिवसांचा दाखला देणार कोण?

सगळ्यात जास्त अर्ज इथेच अडतात, म्हणून थोडे सविस्तर.

दाखला ठेकेदार, बिल्डर किंवा काम देणारा नियोक्ता देऊ शकतो. गावात ग्रामसेवक देतात, शहरात महानगरपालिकेचे किंवा नगरपालिकेचे अधिकृत अधिकारी. ९० दिवस एकाच मालकाकडे भरलेले असण्याची गरज नाही. ३५ दिवस एका साइटवर, ४० दुसरीकडे आणि १५ तिसरीकडे, असे मिळून ९० झाले तरी चालतात. सलग असण्याचीही अट नाही. मात्र ते अर्जाच्या तारखेआधीच्या १२ महिन्यांतले हवेत. मागच्या दिवाळीच्या आधीचे दिवस या दिवाळीनंतर मोजता येत नाहीत.

दाखल्यावर पुढच्या गोष्टी नसतील तर तो परत येतो : देणाऱ्याचे पूर्ण नाव, पत्ता व फोन, तुम्ही केलेल्या कामाचे स्वरूप, कामाची सुरुवात आणि शेवट यांच्या तारखा, एकूण दिवस, जावक क्रमांक, दाखल्याची तारीख, सही आणि शिक्का. जावक क्रमांक हमखास विसरला जातो. ऑनलाइन अर्जात त्याचा वेगळा रकाना आहे, तो रिकामा ठेवता येत नाही.

नाक्यावरच्या कामगाराने एक सवय लावून घ्यावी : खिशातल्या छोट्या वहीत तारीख, साइटचा पत्ता, मुकादमाचे नाव आणि त्याचा नंबर लिहायचा. ग्रामसेवक किंवा पालिकेचा अधिकारी दाखला द्यायला कचरतो, कारण खोट्या दाखल्याची जबाबदारी त्याच्यावर येते. वही समोर ठेवली की त्याला दोन फोन करून खात्री करता येते, आणि सही होण्याची शक्यता बरीच वाढते.

५. मी कारखान्यात गवंडीकाम करतो. मला नोंदणी मिळेल का?

चालू कारखान्याच्या आवारात, कारखान्याचा कामगार म्हणून दुरुस्तीची कामे करत असाल तर ही व्यवस्था तुमच्यासाठी नाही. पण कारखाना अजून उभा राहतो आहे आणि तुम्ही त्याच्या बांधकामावर आहात, तर तुम्ही बांधकाम कामगारच. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली, तेव्हाच्या कायद्याखाली, लॅन्को अनपारा प्रकरणात हेच सांगितले : उत्पादन सुरू होण्याआधीच्या बांधकामावरच्या मजुरांना ‘इथे कारखाना कायदा आहे’ असे म्हणून बाहेर ठेवता येत नाही. एमआयडीसीत शेड उभारणाऱ्यांना हे माहीत असलेले बरे.

६. कोणत्या इयत्तेला किती रक्कम मिळते?

मंडळाच्या शैक्षणिक योजनांतल्या रकमा अशा :

- पहिली ते सातवी : दरवर्षी २,५०० रुपये
- आठवी ते दहावी : दरवर्षी ५,००० रुपये
- दहावी किंवा बारावीत किमान ५० टक्के गुण : १०,००० रुपये
- अकरावी आणि बारावी : दरवर्षी १०,००० रुपये
- पदवी अभ्यासक्रम : दरवर्षी २०,००० रुपये
- अभियांत्रिकी पदवी : दरवर्षी ६०,००० रुपये
- वैद्यकीय पदवी : दरवर्षी १,००,००० रुपये
- शासनमान्य पदविका : दरवर्षी २०,००० रुपये
- पदव्युत्तर पदविका : दरवर्षी २५,००० रुपये
- एमएस-सीआयटी (संगणकाचा कोर्स) : शुल्काची परतफेड

‘दरवर्षी’ हा शब्द नीट वाचा. पहिल्या वर्षी अर्ज मंजूर झाला म्हणून पुढच्या वर्षी पैसे आपसूक येत नाहीत. प्रत्येक शैक्षणिक वर्षासाठी नवा अर्ज, नवे बोनाफाईड, नवी गुणपत्रिका. इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत पहिल्याच वर्षाचे पैसे घेऊन पुढची तीन वर्षे अर्जच न केलेली कुटुंबे आहेत.

७. मला तीन मुले आहेत. तिघांना मिळेल का?

लाभ पहिल्या दोन पाल्यांपुरता आहे. मुलगा असो वा मुलगी, फरक नाही. तिसऱ्या अपत्याच्या नावाने केलेला अर्ज रेशन कार्डावरून लगेच लक्षात येतो. रेशन कार्डात मुलांची नावे नीट चढवलेली नसतील तर पात्र असलेल्या पहिल्या दोघांचा अर्जसुद्धा अडकतो. नाव चढवायचे राहिले असेल तर ते काम आधी उरका.

८. ७५ टक्के हजेरीची अट कोणाला? आम्ही सहा महिने कामासाठी बाहेरगावी असतो.

पहिली ते दहावीच्या रकमेसाठी शाळेचा किमान ७५ टक्के हजेरीचा दाखला लागतो. नांदेड, यवतमाळहून पुण्या-मुंबईच्या साइटवर येणाऱ्या कुटुंबांची मुले इथे मार खातात. पोराला गावच्या शाळेतून न सांगता उचलून आणले की हजेरीपटावर नुसती गैरहजेरी लागत जाते.

निघण्याआधी मुख्याध्यापकांना भेटा आणि शिक्षण हमी कार्ड मागा. स्थलांतरित मुलांसाठी महाराष्ट्रात ही सोय आहे. ते कार्ड नव्या गावातल्या शाळेत दाखवले की मुलाला वर्गात बसवून घेतात. शिक्षण हक्क कायद्यानेही एका शाळेतून दुसरीत जाण्याचा हक्क दिलेला आहे, आणि दाखला यायला उशीर झाला हे प्रवेश नाकारण्याचे कारण होऊ शकत नाही. परतताना साइटजवळच्या शाळेकडून, मूल किती दिवस हजर होते ते लेखी घ्या आणि गावच्या शाळेत जमा करा. वर्षाचा हजेरी दाखला तिथून एकत्र मिळाला तर उत्तम. न मिळाल्यास दोन्ही शाळांचे कागद अर्जाला जोडा.

९. मुलीला बारावीत ६२ टक्के मिळाले. तिला गुणांचे १०,००० आणि बारावीचे १०,००० असे दोन्ही मिळतील?

ही दोन वेगळी सदरे आहेत. एक अकरावी-बारावीत शिकत असल्याबद्दलचे वार्षिक सहाय्य, दुसरे परीक्षेत ५० टक्क्यांवर गुण मिळवल्याबद्दलचे. म्हणून अर्जही दोन. पहिल्याला बोनाफाईड आणि दहावी किंवा अकरावी उत्तीर्ण झाल्याची गुणपत्रिका, दुसऱ्याला बोर्डाची बारावीची गुणपत्रिका. दोन्ही कागद एकाच अर्जात घुसवले तर एकच सदर तपासले जाते आणि दुसरे राहून जाते.

१०. दहावीनंतर पॉलिटेक्निकला घातले तर कोणते सदर? आणि आयटीआयला?

पॉलिटेक्निकचा तीन वर्षांचा डिप्लोमा म्हणजे शासनमान्य पदविका, दरवर्षी २०,००० रुपये. तो अकरावी-बारावीच्या सदरात भरू नका, अर्धीच रक्कम पदरात पडेल. डिप्लोमानंतर थेट दुसऱ्या वर्षाला इंजिनिअरिंगला प्रवेश घेतला की सदर बदलते आणि अभियांत्रिकी पदवीचे लागू होते. त्या वर्षी मागच्या वर्षाची गुणपत्रिका म्हणून डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाची जोडायची.

आयटीआयचा अभ्यासक्रम प्रमाणपत्राचा आहे, पदविकेचा नव्हे. ‘डिप्लोमा’ म्हणून तो भरला तर तपासणीत परत येतो. खासगी संस्थांच्या सहा महिन्यांच्या ‘डिप्लोमा इन अमुक’ कोर्सचेही तेच. नाव डिप्लोमा असले तरी शासनाची मान्यता नसेल तर उपयोग नाही. फी भरण्याआधी संस्थेला एकच प्रश्न विचारा : गुणपत्रिका आणि प्रमाणपत्र कोणते मंडळ किंवा विद्यापीठ देणार? डिप्लोमा इंजिनिअरिंगला ते महाराष्ट्र राज्य तंत्रशिक्षण मंडळाचे किंवा स्वायत्त शासनमान्य संस्थेचे असते.

११. लग्नानंतर बायकोने पदवी सुरू केली. तिला मिळेल का? आणि नोंदणी बायकोच्या नावावर असेल तर नवऱ्याला?

पदवी, वैद्यकीय-अभियांत्रिकी आणि पदविका या सदरांत पुरुष कामगाराच्या पत्नीलाही लाभ आहे. पहिली ते बारावीच्या सदरांत फक्त पाल्य. नोंदणी पत्नीची असेल तर पतीच्या शिक्षणाला लाभ नाही, योजनेत ‘पत्नी’ असेच लिहिले आहे. न्याय्य म्हणावे असे हे कलम नाही, आणि ते बदलावे ही मागणी रास्त आहे. पण आज अर्ज करताना नियम हा आहे.

पत्नीच्या अर्जात नावाचा घोळ जवळजवळ ठरलेला. कॉलेजच्या कागदांवर माहेरचे नाव, आधारवर सासरचे. त्यासाठी प्रश्न १४.

१२. एमएस-सीआयटीचे पैसे आधी मिळतात की नंतर?

नंतर. ही परतफेड आहे. कोर्स अधिकृत केंद्रात करायचा, परीक्षा उत्तीर्ण व्हायचे, मग प्रमाणपत्र आणि फी भरल्याची छापील पावती जोडून अर्ज करायचा. हाताने लिहिलेली चिठ्ठी पावती म्हणून चालत नाही. ही सोयही दोन पाल्यांपुरतीच.

१३. अर्ज भरताना नेमके काय काय करायचे?

मंडळाच्या संकेतस्थळावर ‘दाव्यासाठी अर्ज’ या भागात नोंदणी क्रमांक टाका. नोंदलेल्या मोबाईलवर ओटीपी येईल. मग योजनांचा प्रकार ‘शैक्षणिक’ निवडा, त्याखाली आपले सदर निवडा, मुलाची माहिती भरा, कागद चढवा आणि तपासणीची तारीख घ्या. त्या दिवशी सगळे मूळ कागद घेऊन केंद्रात जा. तारीख चुकवली तर अर्ज पुढे सरकत नाही, नवी तारीख घ्यावी लागते.

सोबत लागतात ते कागद : मंडळाचे ओळखपत्र, कामगाराचे व पाल्याचे आधार, रेशन कार्ड, बँक पासबुकचे पहिले पान, चालू वर्षाचे बोनाफाईड किंवा प्रवेशाची पावती, मागची इयत्ता उत्तीर्ण झाल्याची गुणपत्रिका. दहावीपर्यंत हजेरी दाखलाही.

कागदांचे फोटो मोबाईलने काढत असाल तर दिवसाच्या उजेडात, सपाट जागेवर ठेवून, चारही कोपरे दिसतील असे काढा. ओळखपत्र प्लास्टिकच्या पिशवीतून बाहेर न काढताच घेतलेला फोटो चमकतो आणि नंबर वाचता येत नाही. बोनाफाईडवर शैक्षणिक वर्ष लिहिले आहे का ते शाळेच्या खिडकीतच पाहा. नुसते ‘आमच्या शाळेत शिकत आहे’ असे लिहिलेले बोनाफाईड हमखास परत येते.

१४. आधारवर ‘विठ्ठल’, शाळेत ‘विठल’. एवढ्याने अर्ज नाकारतात?

नाकारतात. अपात्र म्हणून बाद होणाऱ्यांपेक्षा नाव न जुळल्याने अडकणारे अर्ज जास्त दिसतात. तीन ठिकाणी नाव एकसारखे हवे : आधार, बँक खाते आणि मंडळाची नोंद. मुलाच्या बाबतीत आधार, शाळेची नोंद आणि रेशन कार्ड.

दुरुस्ती कुठून सुरू करायची यातही शहाणपण आहे. मुलाचे नाव चुकले असेल तर मूल शाळेत असतानाच, जन्मदाखला देऊन जनरल रजिस्टरमधली नोंद सुधारून घ्या. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर चुकीचे नाव छापले गेले आणि मग दहावीच्या प्रमाणपत्रावर चढले की तेच काम महिन्यांचे होते. शाळेची नोंद बरोबर असेल तर आधार तिच्याप्रमाणे करून घ्या, उलट नको.

लग्नानंतरच्या नावासाठी विवाह नोंदणी दाखला पुरतो का ते केंद्रात विचारा. न पुरल्यास शासकीय राजपत्रात नावबदल छापून घ्यावा लागतो. राजपत्राची प्रत मिळाली की तिच्या दोन-चार रंगीत झेरॉक्स काढून ठेवा. पुढे बँक, रेशन, कॉलेज, सगळीकडे तीच लागते.

१५. अर्ज ‘मंजूर’ दिसतो, पण खात्यात पैसे नाहीत. का?

खाते तपासा. तीन कारणे सहसा निघतात. एक, खाते बरेच दिवस न वापरल्याने बंद पडलेले. दोन, केवायसी राहिलेली. तिसरे कारण लोकांच्या ध्यानातच येत नाही : जुना आयएफएससी, म्हणजे बँक शाखेचा कोड. देना आणि विजया बँक १ एप्रिल २०१९ ला बँक ऑफ बडोदात गेल्या. १ एप्रिल २०२० ला सिंडिकेट कॅनरात, आंध्रा व कॉर्पोरेशन युनियन बँकेत, अलाहाबाद इंडियन बँकेत आणि ओरिएंटल व युनायटेड पंजाब नॅशनल बँकेत विलीन झाली. पासबुक त्याआधीचे असेल तर कोड बदललेला आहे. बँकेतून नवे पासबुक घ्या आणि मंडळाच्या नोंदीत कोड सुधारा.

खाते कामगाराच्या नावाचे हवे. मुलाच्या किंवा मेहुण्याच्या खात्याचा नंबर देऊ नका.

१६. नोंदणीची मुदत संपली आणि लक्षातच आले नाही. आता?

नोंदणी एका वर्षाची असते. नूतनीकरणाला पुन्हा ९० दिवसांचा नवा दाखला आणि वर्गणी लागते. मुदत संपलेल्या ओळखपत्रावर शैक्षणिक अर्ज घेतला जात नाही, मग मुलाला ९० टक्के असोत.

१९९६ च्या कायद्यात असे होते की सलग वर्षभर वर्गणी न भरल्यास लाभार्थीपण संपते, पण कारण पटण्याजोगे असेल आणि थकबाकी भरायची तयारी असेल तर सचिव नोंदणी पूर्ववत करू शकतात. आजारपण, गावाकडचा मृत्यू, पूर असे काही कारण असेल तर त्याचा कागद जोडून लेखी अर्ज द्या. तोंडी सांगून फाइल हलत नाही. नूतनीकरणाची तारीख मे महिन्याच्या आसपास येत असेल तर जूनच्या शाळाप्रवेशाआधी ती उरका. निवडणुकीच्या आचारसंहितेत वाटपाची कामे थांबतात, हेही धरून चाला.

१७. साइटवर पडून पाय मोडला, चार महिने घरी होतो. ९० दिवस कसे भरणार?

कामावर असताना, कामामुळे झालेल्या अपघाताची गैरहजेरी ९० दिवसांच्या हिशेबात तुमच्या विरुद्ध धरायची नाही, अशी तरतूद १९९६ च्या कायद्याच्या कलम १४ मध्ये स्पष्ट होती. त्यासाठी अपघात कामावरचाच होता हे दिसले पाहिजे : दवाखान्याचा पहिल्या दिवसाचा केस पेपर, ठेकेदाराचे पत्र, पोलिसांत नोंद झाली असल्यास तिची प्रत. ‘घरी जिन्यावरून पडलो’ असे केस पेपरवर लिहून घ्यायला सांगणारे मुकादम असतात. तसे लिहू देऊ नका. पुढचे सगळे हक्क त्या एका ओळीवर अडकतात.

वयाचेही असेच टोकाचे प्रकरण येते. ६० पूर्ण झाले की नोंदणी संपते. मुलगा तेव्हा शेवटच्या वर्षाला असेल तर त्या वर्षाचा अर्ज वाढदिवसाआधी करून मोकळे व्हा.

१८. मी माथाडी / कंपनी कामगार / विडी कामगार आहे. मला यातले काय?

यातले नाही, तुमचे वेगळे आहे. शिवाय एका कल्याण निधीचा सभासद असलेल्याने बांधकाम मंडळात दुसरी नोंद करू नये. आधारवरून ती पकडली जाते आणि दोन्हीकडे अडचण होते.

पाच किंवा जास्त कामगार असलेल्या आस्थापनेत असाल तर जून आणि डिसेंबरच्या पगारपत्रकात कामगार कल्याण निधीची कपात बघा. २०२४ पासून ती सहामाही २५ रुपये कामगाराची आणि ७५ रुपये मालकाची आहे. ती दिसत असेल तर मुलांच्या शिष्यवृत्तीसाठी महाराष्ट्र कामगार कल्याण मंडळाकडे, जवळच्या कामगार कल्याण केंद्रात जा. कपात होते पण मालक भरणा करत नाही, असेही घडते. अर्जाआधी भरण्याची पावती मागा.

माथाडी कामगारांनी, १९६९ च्या माथाडी कायद्याखालच्या आपापल्या मंडळात विचारावे. विडी कामगारांच्या मुलांना केंद्रीय कामगार मंत्रालयाची शिष्यवृत्ती आहे : पहिली ते चौथी १,००० रुपयांपासून व्यावसायिक पदवीला २५,००० रुपयांपर्यंत, अर्ज राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर. सोलापुरातल्या विडी कामगार बायकांना हे चांगले ठाऊक आहे. नगर, सिन्नरकडे अजून विचारणा होते.

आणखी एक. नोंदणीकृत मजूर आणि अल्पभूधारक शेतकरी यांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना महाडीबीटी या राज्य सरकारच्या पोर्टलवर आहे. तिथे ‘नोंदणीकृत मजूर’ असल्याचा पुरावा मागतात, तेव्हा चालू ओळखपत्र हाताशी हवे.

१९. मुलांचे झाले. माझ्या स्वतःच्या प्रशिक्षणाचे काय? वीस वर्षे गवंडीकाम करतो, कागद एकही नाही.

तुमच्यासाठी पूर्वकौशल्य मान्यता हा मार्ग आहे. यात नव्याने शिकवत नाहीत. थोडी उजळणी, सुरक्षेचे धडे, मग प्रत्यक्ष कामाची परीक्षा आणि प्रमाणपत्र. गवंडी, बार बेंडर, शटरिंग सुतार, परांची बांधणारा अशा कामांना ते मिळते. गावातल्या घरबांधणीत त्याचे मोल शून्य. मेट्रो, पूल अशा मोठ्या साइटवर किंवा आखातात जायचे असेल तर उपयोगी.

गवंडी आणि सुतार यांना पीएम विश्वकर्मा योजनाही आहे, १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेली. मूलभूत प्रशिक्षण ५ ते ७ दिवसांचे, पुढचे १५ किंवा जास्त दिवसांचे, दोन्हींत दिवसाला ५०० रुपये विद्यावेतन. अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंतचे ई-व्हाउचर. कर्ज आधी १ लाखापर्यंत, ते फेडल्यावर २ लाखांपर्यंत, ५ टक्के व्याजाने. कुटुंबातल्या एकालाच मिळते. कुटुंब म्हणजे पती, पत्नी आणि अविवाहित मुले. सरकारी नोकर असलेले घर बाद. अर्ज सीएससी (सामायिक सेवा) केंद्रात अंगठा देऊन, मग ग्रामपंचायत किंवा पालिका पडताळणी करते. यादीत १८ व्यवसाय आहेत. रंगारी, प्लंबर, फरशीवाला त्यांत नाहीत, म्हणून त्यांनी ‘गवंडी’ लिहून अर्ज करू नये. पडताळणीत थापी धरायला सांगितली की कळतेच.

२०. युनियनच्या कार्यकर्त्यांना कायदे, हिशेब शिकायचे आहेत. कुठे शिकायचे?

दत्तोपंत ठेंगडी राष्ट्रीय कामगार शिक्षण व विकास मंडळ यासाठी आहे. १९५८ साली ते केंद्रीय कामगार शिक्षण मंडळ म्हणून सुरू झाले. प्रादेशिक कार्यालयांकडून कामगारांसाठी छोटे वर्ग घेतले जातात. युनियनने लेटरहेडवर मागणी करावी. मोठा, पदवीच्या दर्जाचा अभ्यास हवा असेल तर मुंबईत परळला नारायण मेघाजी लोखंडे महाराष्ट्र श्रमविज्ञान संस्था आहे.

युनियनला स्वतःच्या निधीतून सभासदांच्या मुलांना वह्या-पुस्तके देता येतात का, असेही विचारतात. १९२६ च्या ट्रेड युनियन कायद्याच्या कलम १५ मध्ये, सभासद आणि त्यांच्यावर अवलंबून असलेल्यांच्या शैक्षणिक लाभांवर सर्वसाधारण निधी खर्च करायला जागा होती. ठराव, लाभार्थ्यांची यादी आणि सही घेतलेली पावती एवढे हवेच.

२१. एजंट म्हणतो, मंजूर झाल्यावर निम्मे द्या. द्यावेत का?

देऊ नका. फी किती ते प्रश्न ३ मध्ये आहे. सायबर कॅफेवाल्याने टायपिंगचे पैसे घेणे वेगळे आणि ६०,००० तले ३०,००० घेणे वेगळे. शिवाय असे एजंट ९० दिवसांचे दाखले स्वतःच ‘तयार’ करतात. ते उघडकीला आले की नोंदणी तुमची रद्द होते, वसुली तुमच्यावर येते, आणि एजंटचा फोन बंद असतो. ओटीपी, एटीएम कार्ड, सही केलेला कोरा चेक यांपैकी काहीही कोणाकडे देऊ नका. युनियनच्या नावाने कोणी मागत असेल तर छापील पावती मागा आणि ती घेऊन कार्यालयात या.

२२. अर्ज नाकारला, किंवा सहा महिने ‘प्रलंबित’ आहे. पुढे काय?

आधी शेरा वाचा. संकेतस्थळावर नाकारण्याचे कारण बहुधा एका ओळीत असते. कागद अस्पष्ट, नाव वेगळे किंवा दाखला अपुरा असेल तर भांडण्यापेक्षा दुरुस्त करून पुन्हा भरणे लवकर होते. एटीकेटीवाल्यांचे, म्हणजे काही विषय राहूनही पुढच्या वर्षात गेलेल्यांचे, असेच होते : गुणपत्रिकेवर ‘अनुत्तीर्ण’ दिसते म्हणून अर्ज परत येतो. कॉलेजकडून ‘पुढील वर्षास प्रवेशास पात्र’ असे पत्र घेऊन जोडा. निर्णय तपासणाऱ्या अधिकाऱ्याचा असतो, पण पत्राशिवाय त्याच्याकडे मान्य करायला काहीच नसते.

नोंदणीच नाकारली असेल तर लेखी कारण मागा. १९९६ च्या कायद्यात म्हणणे ऐकून घेतल्याशिवाय अर्ज फेटाळता येत नव्हता, आणि मंडळाच्या सचिवांकडे अपील करायला ३० दिवस होते. म्हणून नकार मिळाल्याच्या तारखेपासून ३० दिवसांच्या आत लेखी अपील द्या आणि आपल्या प्रतीवर आवक शिक्का घ्या.

अर्ज नुसता पडून असेल तर माहिती अधिकार वापरा. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, १५० शब्दांच्या आत. ‘माझ्या अमुक क्रमांकाच्या अर्जावर आजवर झालेल्या कार्यवाहीची नोंद आणि तो सध्या ज्यांच्याकडे आहे त्यांचे पदनाम द्यावे’ एवढेच विचारा. ‘का’ विचारू नका, त्याला उत्तर देणे बंधनकारक नसते. ३० दिवसांत उत्तर यावे लागते, आणि पुष्कळदा उत्तराच्या आधी अर्जच पुढे सरकतो.